कुशल म्हणून सही

आमच्या साहेबांनी एकदा एका चौकीदाराच्या चपला चोरल्या. भर दुपारी, विश्रामगृहाच्या व्हरांड्यात. चौकीदार भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे होते, बिडीही चालू होती. साहेब मागच्या दारानं आले, वाकून चपला उचलल्या आणि सरळ जीपमध्ये येऊन बसले. मग त्याला हाक मारली. बिचारा चटके सोसत अनवाणी पळत आला. साहेबांनी चपला त्याच्या हातात दिल्या आणि मागच्या सीटवरच्या ठेकेदाराला म्हणाले, "ह्याला स्वतःच्या चपला राखता येत नाहीत, हा सरकारचा पंप काय राखणार? दुसरा माणूस आणा." मी ड्रायव्हरशेजारी बसून हसू दाबत होतो. ठेकेदार मात्र हसत नव्हता. नवा साहेब महागात पडणार हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी शेवगावला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कनिष्ठ अभियंता होतो आणि साहेब नुकतेच उपअभियंता म्हणून बदलून आले होते. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलायचं, पंपानं टाकीत चढवायचं आणि तिथून आजूबाजूच्या कोरड्या गावांना सोडायचं, अशी आमची योजना. पंपावरची माणसं सरकारी नव्हती. ती ठेकेदार पुरवायचा आणि करारात त्यांचे वर्ग ठरलेले असायचे: कुशल, अर्धकुशल, अकुशल. पंपचालक कुशल, त्याचा मदतनीस अर्धकुशल, झाडलोट करणारा आणि चर खणणारा अकुशल. कुणाला कुठल्या वर्गात धरायचं त्यावर त्याचा पगार, आणि त्याच्या पात्रतेची खात्री करून सही करायची ती उपअभियंत्यानं. साहेबांच्या आधीचे साहेब ठेकेदारानं आणलेली सर्टिफिकेटं वरवर चाळत, चहा पीत आणि सही करत. कचेरीत कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

साहेबांचं म्हणणं एकच. सहीच्या वर 'खात्री केली' असं छापलेलं आहे, तर खात्री केली पाहिजे. आता हे वाक्य कुणीही बोलेल. साहेब ते करत, आणि ते करण्याच्या त्यांच्या तऱ्हा बघून आमची भंबेरी उडायची.

विश्रामगृहाला कुशल वर्गातला स्वयंपाकी हवा होता. ठेकेदारानं एक जण आणला, त्यानं मटणाची तयारी मांडली. साहेब म्हणाले, "मटण नको. ते तेल-मसाला करतो. साधं वरण कर." वरण खाली लागलं. गडी अर्धकुशल ठरला आणि महिनाभर रोज वरण करून साहेबांना चव द्यायला येत राहिला. शेवटी साहेबांनीच कंटाळून त्याला वर चढवलं, असं कचेरीतले लोक म्हणत. ते खोटं आहे. त्या दिवशीचं वरण मी खाल्लं होतं, ते खरंच चांगलं होतं. ड्रायव्हरची परीक्षा त्याहून वाईट. जीपच्या बॉनेटवर चहानं भरलेला कप ठेवायचा आणि गाडी उलटी घेऊन कडुलिंबाखाली लावायची. चहा सांडला तर ड्रायव्हर नापास, नाही सांडला तर तोच चहा साहेब पीत.

आम्ही तरी कुठं सुटलो. चार्ज घेतला त्याच दिवशी साहेब मला म्हणाले, "तुमचा डिप्लोमा आहे ना? मग ह्या भिंतीला ओळंबा लावून दाखवा." मी सरकारी नोकर, माझं सर्टिफिकेट मुंबईपर्यंत तपासून आलेलं. पण सांगणार कुणाला. मी ओळंबा सोडला. बाहेर वारा होता आणि तो काही केल्या स्थिर होईना. शिपाई बघतोय, टायपिस्ट बघतेय, ओळंबा घड्याळाच्या लंबकासारखा हलतोय. साहेबांनी पाण्याची बादली मागवली आणि ओळंब्याचं वजन पाण्यात बुडवलं. दोरी जागच्या जागी थांबली. "आता बघा," म्हणाले, आणि आत निघून गेले. मी आठवडाभर त्यांच्यावर मनातल्या मनात चरफडत होतो. पुढं माझ्या उभ्या नोकरीत वाऱ्यात ओळंबा लावायचा असला की मी बादली मागवली, हेही खरं.

साहेब मूळचे घोडेगावचे. वडील बैलांच्या बाजारात दलाल. लहानपणी दर बाजाराला बापाबरोबर बसलेले. एकदा पंपगृहाच्या ओट्यावर डबा खाताना मी धीर करून विचारलं, की साहेब, एवढी परीक्षा कशाला? सर्टिफिकेट आहे की. तेव्हा ते गावच्या बोलीवर घसरले. असं ते क्वचितच करत. "आमचा बाप बैल घ्यायचा तर दात बघायचा, चालवून बघायचा, नांगराला जुपून बघायचा. गिऱ्हाईक कंटाळून जायचं. मी म्हनलो, आबा, एवढं कशापायी? तर म्हनला, ह्याच्या जिवावर कुनाचं तरी घर चालनार हाय." मग भाकरीचा तुकडा मोडून पुन्हा शहरी मराठीत आले. "बैलाला एवढं बघतो आपण. आणि साडेचारशे व्होल्टच्या पेटीत ज्याला हात घालायला सांगतो, त्याचा नुसता कागद बघायचा?"

स्वतः ते सदानकदा रबरी तळव्याचे बूट घालत. लग्नात, वाढदिवसाला, कलेक्टरच्या बैठकीला, सगळीकडे तेच. खिशात पेनाशेजारी टेस्टर. नवरदेवाला आहेर द्यायला वर गेले की आधी मांडवातल्या लाइटच्या खांबाला टेस्टर लावत आणि मग पाकीट देत. बायको त्यांच्याबरोबर लग्नांना जायची बंद झाली होती म्हणे. पण एकदा एका मांडवात टेस्टरचा दिवा खरोखर लागला आणि साहेबांनी अक्षता पडायच्या आत अख्ख्या मांडवाची लाइट बंद करायला लावली. वरपक्ष चिडला, वधूपक्ष चिडला, बँडवाले तर फारच चिडले. वायरमननं सोललेली वायर शोधून काढली. साहेब जिलेबी खाऊन आले.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला साहेब स्वतः पंपगृहावर हजेरी घेत. नाव वाचायचं, वर्ग वाचायचा, मान वर करून चेहरा बघायचा. नाव ते फक्त एकदाच घेत. "कान अर्धकुशल असले तर काम कसं होणार?" असं म्हणत. लोक धापा टाकत येऊन आधीपासून उभे राहत.

यातल्या पहिल्याच हजेरीला दत्तूची गाठ पडली. दत्तू म्हणजे मुख्य पंपगृहाचा चालक, चाळिशीच्या आतला, सडपातळ माणूस. पंपाचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. आम्ही सगळे त्याला दत्तू म्हणत असू, गावोगावचे सरपंच दत्तू म्हणत, मस्टरवर दत्तात्रय असं पूर्ण नाव आणि शेजारी आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट. साहेब आयटीआय झालेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: पहिला महिना काय केलं? आयटीआयला गेलेला माणूस यावर हसतोच, कारण कुठलाही धंदा शिका, सुरुवातीला लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासत बसावं लागतं आणि तळहाताला फोड येतात. ते कुणी विसरत नाही.

दत्तू म्हणाला, "पंप चालवायला शिकवलं, साहेब."

साहेबांनी मान वर केली. पंपांचा आवाज एवढा होता की लांबच्यांना काही ऐकू गेलं नसणार, मी मात्र शेजारी होतो. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुझं खरं नाव सांग."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मिलिंद. मिलिंद रामभाऊ."

त्याचं असं झालं होतं. खरा दत्तात्रय नगरला जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा बांधायच्या दुकानात बसायचा आणि त्याचं सर्टिफिकेट ठेकेदारानं भाड्यानं घेतलेलं. मिलिंद मदतनीस म्हणून आला, बघून बघून काम शिकला आणि दत्तात्रयाच्या जागी उभा राहिला. हाक दत्तू म्हणून, सही दत्तात्रय म्हणून, आणि हातात मिळायचं ते मात्र मदतनिसाचं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. तो दत्तू या हाकेला इतका सरावला होता की झोपेतही ओ देत असेल.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार कचेरीत आला. "साहेब, ही पद्धतच हाय सगळीकडं. तुमाला चालत नसंल तर ह्याला आजच घरी बसवतो. दुसरा देतो, कागदासकट." मिलिंद दारातच उभा होता. त्याच्याबरोबर त्याची आई आली होती, पांढऱ्या लुगड्यातली, काठीवर हात टेकून उभी राहिलेली म्हातारी. मला वाटलं आता ती पाया पडेल. ती पाया पडली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "दीक्षा घेतली त्याच्या बाद ह्यो झाला. ह्याच्या बापानं लई हौसेनं नाव ठेवलं. तिकडं पंपावर दत्तू दत्तू करत्यात. आता ह्याची पोरगी शाळंत इचारती, आपला बाप दोन नावाचा का म्हनून. काम ऱ्हाऊ द्या, न्हाईतर काडा. पर ज्ये करायचं त्ये ह्याच्या नावानं करा."

साहेब उठून उभे राहिले. म्हातारीला स्वतःची खुर्ची दिली. मग ठेकेदाराला कराराची अट पाठ म्हणून दाखवली, परवचा म्हणावा तशी. पंपचालकाला आयटीआयचं प्रमाणपत्र हवं, इथवर सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याखालची ओळ कुणी वाचलेली नव्हती. प्रमाणपत्र नसेल पण कामाचा अनुभव असेल, तर विभागानं चाचणी घ्यायची आणि त्यात उतरला तर त्याला कुशल धरायचं. "तोवर हा स्वतःच्या नावानं मदतनीस राहील. पंपावर तुमचा दुसरा चालक आणून बसवा, खरा. आणि खोट्या नावाबद्दल नोटीस तुम्हाला निघेल, ह्याला नाही." करार मार्चअखेर संपत होता. एप्रिलच्या नव्या यादीत कुशल म्हणून मिलिंदचं नाव गेलं तर गेलं, नाहीतर ठेकेदार त्याला पुन्हा दारात उभं करणार नव्हता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

संक्रांत झाल्यावर चाचणी ठेवली. नगरहून विजेचे एक अभियंते आले, साहेब होते, मी होतो. बातमी पसरली होती, त्यामुळं दोन-तीन गावांचे सरपंच आणि पोरंसोरं पंपगृहाच्या दारात जमली. जत्राच म्हणायची. मिलिंदनं पंप चालू केला, बंद केला, दाब वाचला, पाणी गळत होतं तिथली ग्लँड आवळली, नगरच्या अभियंत्यांच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं दिली. ते तर खूश होऊन माझ्याकडं बघून मान हलवत होते. शेवटी साहेब म्हणाले, "स्टार्टर उघडून कॉन्टॅक्ट साफ कर."

मिलिंदनं स्टॉपचं बटन दाबलं, झाकण उघडलं आणि पालथा हात अलगद आतल्या पट्टीला लावून पाहिला. आमच्याकडं सगळेच पंपवाले असं करत. पालथ्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागं येतो, असा त्यांचा हिशेब. मेन स्विच वरच होता, म्हणजे पेटीत वीज तशीच होती.

"थांब," साहेब म्हणाले. "नापास."

मिलिंदचा हात तसाच पेटीजवळ राहिला. एक सरपंच पुढं आले, "आवो साहेब, लई वर्सं झाली, तो असंच करतो. काय झालं न्हाई त्याला." मीही धीर करून बोललो की साहेब, एवढ्या एका गोष्टीसाठी...

"इतकी वर्षं वाचला ते त्याचं कसब नाही, नशीब आहे," साहेब म्हणाले. "नशिबाला मी कुशल म्हणून सही देत नाही."

त्या दिवशी मला साहेबांचा राग आला. स्पष्टच सांगतो, मला वाटलं हा माणूस नियमानं आंधळा झालाय. आईला खुर्ची देतो आणि पोराला नापास करतो. मिलिंद तर त्यांच्याशी बोलेनासा झाला. समोरून साहेब आले की पंपामागं जाऊन उभा राहायचा.

पुढच्या रविवारी मी काही कामानं पंपगृहावर गेलो तर बाहेर साहेबांची स्कूटर. आत साहेब जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर एक जुना स्टार्टर उघडून ठेवलेला, आणि मिलिंद भिंतीकडं तोंड करून उभा. साहेब भिंतीशी बोलावं तसं त्याच्या पाठीशी बोलत होते. "मेन ओढायचा. कुलूप लावायचं. चावी खिशात. मग टेस्टर. मग हात." खिशातून त्यांनी एक पितळी कुलूप काढलं, घरच्या कपाटाचं असावं, आणि मिलिंदच्या पायाजवळ ठेवून निघून गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्याही पुढच्या. किती रविवार ते मोजलं नाही, पण साहेबांच्या घरी त्यावरून बरंच वाजलं असावं, कारण एका रविवारी त्यांच्या सौभाग्यवतीच डबा घेऊन पंपगृहावर आल्या आणि म्हणाल्या, "निदान जेवायला तरी घरी या." मिलिंद आधी पाठीनं ऐकायचा, मग बाजूनं, मग समोर बसून. शिकवणं संपलं की साहेबांनी खोड सुरू केली. मिलिंद भाकरी खात असला, पाणी पीत असला, पोरीला कडेवर घेऊन उभा असला, की मध्येच विचारायचं, "चावी कुठंय?" मिलिंदनं खिसा थोपटायचा. हळूहळू ही रीत सगळीकडं पसरली. चर खणणारी माणसं एकमेकांना रामराम घालायच्या ऐवजी चावी विचारू लागली. माझ्या घरी आजही बल्ब बदलायला स्टुलावर चढलो की बायको खालून विचारते.

शिमगा झाला आणि दुसरी चाचणी लागली. मार्चचं ऊन, धरणाचं पाणी उतरलेलं, गावोगाव घागरींच्या रांगा. साहेबांनी यावेळी चाचणी मुद्दाम पाणी सोडायच्या वेळेला ठेवली. मिलिंदनं मेन ओढला, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. टेस्टर लावला आणि कामाला लागला. एवढ्यात एका गावचे सरपंच आत आले. त्यांना चाचणी-बिचाणी काही नको होतं. "आरं दत्तू, टाकी कोरडी पडली. बाया खोळंबल्यात. राहू दे ते, बटन दाब." मागून आणखी दोघं ओरडले. साहेब भिंतीला टेकून बघत राहिले. मिलिंदच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी त्याच्याऐवजी घाबरलो होतो.

"थांबा जरा, आबा," तो म्हणाला. हात थांबवला नाही. कॉन्टॅक्ट घासले, स्क्रू आवळले, झाकण लावलं, आजूबाजूला कुणाचा हात नाही ना ते बघितलं. मग खिशातून चावी काढून कुलूप उघडलं, मेन वर केला आणि बटन दाबलं. पंपानं सूर धरला. सरपंच बाहेर गेले. नगरच्या अभियंत्यांनी सही केली, मी केली. साहेबांनी सर्वांत शेवटी केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले.

पुढं साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाला मी नगरला गेलो होतो. तेच रबरी बूट होते. भाषणात ते एवढंच बोलले, की माझ्या सहीनं कामावर लागलेलं एकही माणूस कामावर मेलं नाही, आणि खाली बसले. टाळ्या कमी पडल्या, कारण लोकांना वाटलं भाषण अजून सुरू व्हायचंय. मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ज्याच्यासमोर मनातल्या मनात उभं राहावंसं वाटतं असा माणूस तो एकच.

पण साहेब म्हटलं की मला निरोप आठवत नाही, आठवते ती एप्रिलची पहिली हजेरी. पंपगृहाच्या ओट्यावर साहेब खुर्चीत, समोर नवी यादी. माणसं धुतलेले कपडे घालून रांगेत. म्हातारी काठी घेऊन कडेला, नातीचा हात धरून उभी. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आली होती.

साहेबांनी वाचलं, "मिलिंद रामभाऊ. पंपचालक. कुशल."

कुणी ओ दिली नाही. मिलिंद रांगेत समोरच उभा होता, फडक्यानं हात पुसत. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, कुणाला हाक मारली म्हणून. शेजारचा त्याला कोपरानं ढोसणार तेवढ्यात साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. नाव कधी दुसऱ्यांदा न घेणारा माणूस खुर्चीतून उठला, दोन पावलं पुढं आला, आणि म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "मिलिंद रामभाऊ."

फडकं हातातच राहिलं. त्याचा दुसरा हात आपसूक खिशावर गेला, चावी चाचपायला.

"हजर हाय, साहेब," मिलिंद म्हणाला.